समुद्राखालच्या इंटरनेट केबल्स: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल्स तुटल्या आणि त्यानंतर या विषयावरच्या प्रश्नांचा ओघ काही थांबला नाही. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, त्यामुळे ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी थेट पुढे गेलं तरी चालेल. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मोबाइल तर बिनतारी आहे. मग समुद्राखालच्या तारेशी माझा काय संबंध?

बिनतारी काम फक्त तुमच्या हातापासून टॉवरपर्यंत. टॉवरच्या पुढे बहुतेक ठिकाणी जमिनीखालची फायबर, म्हणजे प्रकाशाच्या रूपात डेटा नेणारी काचेची तार, असते आणि समोरचा सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल, तर समुद्राखालची केबल. खंडाखंडांमधल्या डेटापैकी साधारण ९९ टक्के डेटा याच वाटेने जातो. न्यू जर्सीतल्या लेकीशी व्हिडिओ कॉल असो, पुण्यातल्या कंपनीचं लंडनच्या बँकेसाठी चाललेलं काम असो की दुबईहून घरी पाठवलेले पैसे, सगळ्यांची वाट तीच.

२. हे सगळं सॅटेलाइटवरून होत नाही का? लहानपणी तर तसंच शिकलो होतो.

एका काळी परदेशी फोन आणि टीव्ही बऱ्याच अंशी उपग्रहावरून येत असत, त्यामुळे तो समज पक्का बसला आहे. पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद होतो. मुंबई ते लंडन समुद्री मार्ग साधारण ११,००० किलोमीटरचा धरला, तर काचेतून प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन ११० मिलिसेकंद. शिवाय एकट्या एका केबलची क्षमता बघा. अमेरिका ते स्पेन जाणारी मारिया केबल २०१७ मध्ये पूर्ण झाली तेव्हाच सेकंदाला १६० टेराबिटची होती.

स्टारलिंकसारखे उपग्रह खूप खाली, साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथला उशीर कमी. जिथे फायबर पोचत नाही अशा गावाला ते वरदानच आहेत. पण तेही सिग्नल शेवटी जमिनीवरच्या एखाद्या स्टेशनात उतरवतात आणि तिथून पुढे पुन्हा फायबर. उपग्रह केबलची जागा घेतील ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते, तेव्हा दोन्हीकडची क्षमता शेजारी शेजारी ठेवून बघावी.

३. केबल असते तरी केवढी? आत काय असतं?

खोल समुद्रातली केबल १७ ते २० मिलिमीटर जाडीची, म्हणजे उसाच्या कांड्याहून बारीक. पहिल्यांदा तुकडा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

तिचा आडवा छेद घेतला, तर बाहेर काळं पॉलिथिलिन दिसतं. ते सोललं की तांब्याची नळी, जिच्यातून वीज वाहते. तांब्याच्या आत पोलादी तारांचं कडं, एकमेकींना घट्ट चिकटून बसलेलं. पाण्याचा दाब आणि ओढ हे कडं सोसतं. त्याच्या आत एक बारीक नळी, जेलीने भरलेली, आणि त्या जेलीत तरंगणारे फायबर. प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा लेप असतो, नाहीतर जोडताना कुठला कोणाला हे कळणारच नाही. काचेचा प्रत्येक धागा ०.१२५ मिलिमीटरचा. जगाची वाहतूक करणारा भाग एवढाच, बाकीचा सगळा सरंजाम त्याला सांभाळण्यासाठी.

किनाऱ्याजवळची केबल मात्र वेगळी. तिच्यावर जाड पोलादी तारांचे एक किंवा दोन थर असतात आणि वरून डांबरात भिजवलेला दोर गुंडाळलेला. जाडी ४०-५० मिलिमीटरपर्यंत जाते. याचं कारण प्रश्न १० मध्ये आहे. धोका खोल पाण्यात कमी आणि उथळ पाण्यात जास्त.

४. हजारो किलोमीटर जाताना प्रकाश विझत नाही का? आणि समुद्राच्या तळाशी वीज कुठून येते?

विझतो. म्हणून साधारण ५० ते १०० किलोमीटरवर एक रिपीटर लागतो. त्याच्या आत एर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचं वेटोळं असतं. लेझरने त्याला ऊर्जा दिली की येणारा मंद प्रकाश तिथल्या तिथे वाढतो, त्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करावं लागत नाही.

या रिपीटरना वीज किनाऱ्यावरूनच मिळते. मघाशी सांगितलेल्या तांब्याच्या नळीतून दोन्ही टोकांनी डीसी वीज सोडतात, लांब केबलला १०,००० व्होल्टच्या वर. करंट मात्र साधारण एक अँपिअर. परतीची तार नसतेच. सर्किट समुद्राच्या पाण्यातून आणि जमिनीतून पूर्ण होतं.

५. एवढी लांब केबल तळावर अंथरतात कशी?

आधी सर्वेक्षण. तळाचा नकाशा काढून खडक, दऱ्या, बुडालेली जहाजं, तेलाच्या पाइपलाइन टाळून मार्ग ठरतो. मग कारखान्यातून केबल थेट जहाजाच्या पोटातल्या गोल टाक्यांत गुंडाळून भरतात. त्यातच काही आठवडे जातात. जहाज दिवसाला साधारण १०० ते १५० किलोमीटर केबल सोडत जातं. तळ उंचसखल असतो, म्हणून थोडी ढील ठेवतात. ताणून टाकली तर दोन उंचवट्यांमध्ये लोंबकळत राहील आणि प्रवाहाने घासून तुटेल.

साधारण हजार-दीड हजार मीटर खोलीपर्यंत समुद्री नांगराने चर काढून केबल एक-दोन मीटर खाली पुरतात. त्यापलीकडे ती नुसतीच तळावर पडलेली असते. किनाऱ्याशी जहाज येऊ शकत नाही, तिथे केबल तरंगत्या फुग्यांना बांधून ओढून आणतात, मग फुगे सोडवून ती खाली बसवतात आणि वाळूतल्या मॅनहोलमध्ये घेतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे काम पावसाळ्यात होत नाही. खवळलेल्या समुद्रात पाणबुडे उतरवणार कोण?

६. भारतात या केबल्स कुठे उतरतात?

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२३ मधल्या कागदपत्रांनुसार १७ आंतरराष्ट्रीय केबल्स, १४ लँडिंग स्टेशनं (समुद्रातली केबल जिथे जमिनीवरच्या जाळ्याला जोडतात ती ठाणी) आणि शहरं पाचच: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि त्रिवेंद्रम. त्यातही मुंबई आणि चेन्नई सोडल्यास बाकीच्यांचा वाटा किरकोळ. युरोप आणि आखाताकडची वाहतूक मुख्यतः मुंबईतून जाते, सिंगापूरकडची चेन्नईतून.

मुंबईत उतरणाऱ्यांपैकी बहुतेक वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या किनारपट्टीत येतात. तिथे गेलात तर बघायला काही नाही. वाळू, होड्या, वाळत घातलेले बोंबील. केबल वाळूखाली आहे आणि तिचं लँडिंग स्टेशन आतल्या बाजूला, साध्या बिनखिडकीच्या इमारतीत.

देशाची एवढी वाहतूक एवढ्याशा पट्टीतून जावी ही गोष्ट मला केबल तुटण्यापेक्षा जास्त खटकते. तुटलेली केबल जोडता येते. पण सगळ्या वाटा एकाच खिंडीतून काढल्या असतील, तर एका अपघातात अनेक जातात. याच दुखण्याची मोठी आवृत्ती प्रश्न १३ मध्ये आहे.

७. मग रत्नागिरीला, मालवणला किंवा गोव्यात का उतरवत नाहीत? तिथेही समुद्रच आहे.

समुद्र आहे, पण केबलला समुद्राहून किनारा महत्त्वाचा. उतरल्यावर डेटा जाणार कुठे? मोठी डेटा सेंटर, खात्रीची वीज, देशभर जाणाऱ्या फायबरची जाळी, हे सगळं मुंबई-नवी मुंबईत आयतं आहे. कोकणात उतरवायची तर घाट चढून दोन-तीन स्वतंत्र मार्गांनी फायबर न्यावी लागेल आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर तीच तुटेल.

गंमत अशी की निव्वळ समुद्राच्या दृष्टीने मुंबई ही काही आदर्श जागा नाही. मुंबईसमोर उथळ पाण्याचा पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. उथळ पट्टा जितका रुंद तितकी केबल पुरायची लांबी जास्त आणि जहाजांचे नांगर आणि जाळी यांचा धोकाही जास्त. त्यात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या पाइपलाइन ओलांडायच्या, त्यासाठी ओएनजीसीशी वेगळा करार करायचा. तरीही सगळे मुंबईलाच येतात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. किनारपट्टीवर दुसरी-तिसरी जागा तयार करणं कंपन्यांवर सोडून होणार नाही, त्यासाठी सरकारलाच काही पैसा आणि सवलती टाकाव्या लागतील असं माझं मत आहे.

८. मुंबईत पहिली केबल कधी आली?

१८७० मध्ये. त्याआधी १८६४ मध्ये इराणच्या आखातातून कराचीकडे येणारी तार टाकली गेली होती, पण ती पुढे तुर्की साम्राज्याच्या जमिनीवरच्या तारांना जोडलेली. निरोप दर ठाण्यावर नव्याने ठोकावा लागे, वाटेत भाषा बदलत, चुका होत आणि काही दिवस जात.

१८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकायला सुरुवात केली. २११ मीटर लांबीचं हे जहाज त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं. प्रवासी मिळेनात म्हणून तोट्यात गेलेलं, पण एवढी केबल पोटात मावेल असं दुसरं जहाजच नव्हतं. तारेवर गटापर्चा नावाचा झाडाचा चीक लावलेला असे आणि तो उष्णतेने मऊ पडतो, म्हणून भारताच्या फेरीसाठी जहाज बाहेरून पांढरं रंगवलं होतं. एडनहून सुएझ, पुढे माल्टा, जिब्राल्टर, लिस्बन आणि जूनमध्ये इंग्लंडच्या टोकाशी पोर्थकर्नो. महिनाभर टपालाची वाट बघणाऱ्या मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना लंडनचा आणि लिव्हरपूलचा भाव काही तासांत कळू लागला.

आजच्या केबल्सचे मार्ग नकाशावर बघा: मुंबई, एडनचं आखात, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र. दीडशे वर्षांत तार बदलली, वाट तीच राहिली.

९. या केबल्स कोणाच्या मालकीच्या? सरकारच्या का?

बहुतेक खासगी कंपन्यांच्या. जुनी पद्धत अशी की पंधरा-वीस देशांतल्या दूरसंचार कंपन्या मिळून गट करतात, खर्च वाटून घेतात आणि क्षमताही. आग्नेय आशिया ते पश्चिम युरोप जोडणाऱ्या सी-मी-वी मालिकेतल्या केबल्स अशाच. भारताच्या बाजूने पूर्वी विदेश संचार निगम होतं. २००२ मध्ये ते टाटांकडे गेलं. आता टाटा कम्युनिकेशन्स, एअरटेल, जिओ हे मोठे भागीदार आहेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं ते गुगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनमुळे. क्षमतेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच, म्हणून आता केबल्सही तेच टाकतात. मेटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉटरवर्थ हा ५०,००० किलोमीटरचा प्रकल्प जाहीर केला, त्यात भारत आहे. केबल बनवून टाकणाऱ्या कंपन्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या: अमेरिकेची सबकॉम, फ्रान्सची अल्काटेल सबमरीन नेटवर्क्स, जपानची एनईसी आणि चीनची एचएमएन टेक.

१०. केबल तुटते कशाने? शार्क चावतात हे खरं आहे का?

जगात वर्षाला १५० ते २०० ठिकाणी केबल्सना इजा होते. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी कुठे ना कुठे. त्यातली ७० ते ८० टक्के प्रकरणं मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांची. तीही मुख्यतः उथळ पाण्यात. २००८ मध्ये दुबईजवळ फाल्कन केबल तुटली, तेव्हा त्या जागी पाच-सहा टनांचा बेवारस नांगर सापडला होता.

उरलेल्यात भूकंप आणि समुद्राखालच्या दरडी येतात. संख्या कमी, पण तडाखा मोठा. डिसेंबर २००६ मध्ये तैवानजवळच्या भूकंपाने नऊ केबल्स तोडल्या. ११ जहाजांना दुरुस्तीला ४९ दिवस लागले. १९२९ मध्ये कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर १२ केबल्स तुटल्या, पण सगळ्या एकदम नाही: केंद्राजवळच्या लगेच आणि त्यापुढच्या, खोलातल्या, एकीमागून एक. प्रत्येकीची वेळ तारघरात नोंदली गेलेली असल्यामुळे पुढे शास्त्रज्ञांनी त्यावरून समुद्राखालून धावणाऱ्या गाळाच्या लोंढ्याचा वेग काढला.

शार्कबद्दल: १९८० च्या दशकात कॅनरी बेटांजवळच्या एका प्रायोगिक केबलमध्ये शार्कचे दात रुतलेले सापडले, हे खरं. तेव्हापासून ही गोष्ट पत्रकारांची लाडकी. प्रत्यक्षात माशांच्या चाव्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता आणि आवरणं सुधारल्यापासून तो जवळपास शून्य आहे.

११. चार किलोमीटर खोल पाण्यात केबल कुठे तुटली हे कळतं कसं? आणि जोडतात कशी?

किनाऱ्यावरच्या स्टेशनातून प्रकाशाचे स्पंद सोडतात. तुटलेल्या जागेवरून ते परत येतात, लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. ते टाकलेल्या मार्गाच्या नोंदींशी जुळवून जहाजाला जागा दिली जाते.

जहाज तिथे पोचलं की दोरखंडाला बांधलेला ग्रॅपनेल, म्हणजे अनेक आकड्यांचा गळ, तळावर सोडतात. एवढ्या खोलीवर तो पोचायलाच काही तास. मग जहाज केबलच्या मार्गाला आडवं, अगदी हळू जातं. दोरावरचा ताण वाढला की केबल लागली. केबल पूर्ण तुटलेली नसेल तर आधी तिला तळावरच कापावं लागतं. कारण वर उचलण्याइतकी ढीलच तिच्यात नसते. पहिलं टोक वर घेतात, तपासतात, बंद करून पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधून सोडतात. दुसरं टोक शोधतात, वर घेतात आणि त्याला जहाजावरची नवीन केबल जोडत परत बोयाकडे येतात.

जोडणी जहाजावरच्या छोट्या, धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत होते. जोडणारा आधी पॉलिथिलिन, तांबं, पोलाद असे थर एकेक करून मागे काढतो. फायबर उघडे पडले की अल्कोहोलने जेली पुसायची, रंगीत लेप खरवडायचा, काचेचं टोक काटकोनात छाटायचं. दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. लगेच मोजणी. प्रकाश जास्त गळत असेल तर कापून पुन्हा. सगळे फायबर झाले की वरून पॉलिथिलिन ओतून साचा बसवायचा आणि एक्स-रे काढून आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे बघायचं. या सगळ्यात बारा ते चोवीस तास सहज जातात आणि तोवर जहाजाने लाटांत जागच्या जागी उभं राहायचं असतं.

जोडलेली केबल पहिल्यापेक्षा लांब भरते, कारण दोन्ही टोकं पृष्ठभागापर्यंत आणलेली असतात. जादा भाग मार्गाच्या बाजूला वळसा देऊन तळावर सोडतात.

१२. जोडायला एक दिवस, मग बातम्यांत ‘काही आठवडे’ का म्हणतात?

जहाज आणि परवानगी. दुरुस्तीची जहाजं जगात थोडी आहेत आणि ती प्रदेशाप्रदेशाच्या करारांनुसार वाटलेली आहेत. एकाच वेळी चार ठिकाणी तुटलं तर रांग लागते. भारतीय पाण्यात काम असेल तर परदेशी जहाजाला गृह, संरक्षण, सीमाशुल्क अशा वेगवेगळ्या खात्यांच्या मंजुऱ्या लागतात. ट्रायने जून २०२३ च्या शिफारशींत भारतीय ध्वजाचं दुरुस्ती जहाज असावं आणि मंजुऱ्या सोप्या व्हाव्यात असं म्हटलं. ते योग्यच आहे. सुरक्षेच्या तपासण्या हव्यातच, पण त्या जहाजाची आणि खलाशांची वर्षातून एकदा आधीच करून ठेवता येतात. प्रत्येक वेळी केबल तुटल्यावर फाइल पहिल्या पानापासून सुरू करायची गरज नाही.

टोंगाचं उदाहरण बोलकं आहे. जानेवारी २०२२ मधल्या ज्वालामुखीच्या उद्रेकात त्या देशाला फिजीशी जोडणारी एकमेव केबल तुटली. परत चालू व्हायला पाच आठवडे लागले.

१३. दर वेळी तांबड्या समुद्राचंच नाव का येतं?

कारण युरोप आणि आशिया यांच्यामधला जवळचा समुद्री रस्ता तोच. बाब-अल-मांदेबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत शिरायचं, वर सुएझपर्यंत जायचं, इजिप्तची जमीन फायबरने ओलांडायची आणि भूमध्य समुद्रात उतरायचं. दोन्ही टोकांना खिंडी. त्याच पाण्यातून जगातली निम्मी मालवाहू जहाजं जातात असं वाटावं इतकी गर्दी, समुद्र जागोजागी उथळ आणि वर येमेनमधलं युद्ध.

जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या केबल्स एकाच दिवशी तुटल्या आणि भारताची परदेशी क्षमता जवळपास निम्म्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यात सापडलेलं रुबीमार हे जहाज नांगर ओढत वाहत गेलं, त्या भागातल्या तीन केबल्स तुटल्या. युद्धाच्या क्षेत्रात दुरुस्ती जहाजाला विमा कोण देणार, परवानगी कोणत्या सरकारकडून घ्यायची, यातच महिने गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल्स गेल्या.

पर्याय होत आहेत. गुगलची ब्लू-रामन ही जोडी इजिप्त टाळून इस्रायल आणि जॉर्डनमार्गे जाते. त्यातली अकाबा ते मुंबई ही रामन, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाची. प्रकाशाच्या विकिरणावरच्या त्यांच्याच शोधावर फायबरमधला सिग्नल वाढवण्याची एक पद्धत उभी आहे, तेव्हा नाव शोभतं. पण नीट बघा: रामन इजिप्त टाळते, तांबडा समुद्र नाही.

१४. केबल तुटली तर माझं नेट बंद न पडता नुसतं मंद का होतं? आणि यूट्यूब चालतं, पण ऑफिसचं व्हीपीएन रडतं, असं का?

राउटर दुसरी वाट शोधतात. युरोपची वाहतूक चेन्नई-सिंगापूर-पॅसिफिक-अमेरिका असा उलटा फेरा मारून जाऊ लागते. ११० मिलिसेकंदांच्या जागी ३००च्या आसपास लागतात आणि त्या वाटेवर आधीच असलेल्या गर्दीत भर पडते.

यूट्यूबचं कारण वेगळं. लोक सारखे बघतात ते व्हिडिओ कंपन्या भारतातल्या सर्व्हरवर, कित्येकदा तुमच्या इंटरनेट कंपनीच्याच इमारतीत साठवून ठेवतात. ते केबल ओलांडतच नाहीत. ऑफिसचा सर्व्हर फ्रँकफर्टला असेल, तर व्हीपीएनला मात्र तिथे जाऊन यावंच लागतं. व्हिडिओ कॉल, परदेशी गेम सर्व्हर आणि शेअर बाजाराचे व्यवहार यांना उशीर सर्वांत आधी जाणवतो. ईमेलला कळतही नाही.

१५. भारताच्या सगळ्या केबल्स एकदम तुटल्या तर यूपीआय बंद पडेल का?

यूपीआयचा व्यवहार तुमची बँक, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि समोरची बँक यांच्यात, देशातल्या देशात होतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या आदेशानुसार पैशांच्या व्यवहारांचा डेटाही भारतातच ठेवावा लागतो. त्यामुळे गाभा चालू राहायला हवा. अडचण कडेकडेने येईल: एखादं अॅप सुरू होताना परदेशी क्लाउडवरच्या सेवेला हाक मारत असेल, तर ते तिथेच अडकेल. परदेशी कार्ड व्यवहार, विमानांची तिकिटं, आयटीची निर्यात यांना जबर फटका. सगळ्या केबल्स एका दिवशी जाणं मात्र फारच दुर्मिळ. एकाच पट्टीतल्या चार-पाच जाणं, ही भीती खरी (प्रश्न ६).

१६. मासेमारीत जाळं केबलला अडकलं तर काय करावं? गुन्हा दाखल होतो का?

पहिली गोष्ट: ओढू नका आणि केबल तर कापूच नका. आत हजारो व्होल्ट असतात, जीव जाईल. जाळं किंवा नांगर सोडून द्या, जीपीएसवरची जागा आणि वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा तटरक्षक दलाला कळवा.

नुकसान सोसायचं का? नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम ११५ सांगतं की केबल वाचवण्यासाठी नांगर किंवा जाळं सोडून देणाऱ्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी, मात्र नौकेने आधी योग्य ती काळजी घेतलेली असावी. ही तरतूद जुनी आहे, १८८४ च्या पॅरिस करारातही होती. त्यात बंदरात आल्यापासून २४ तासांत अधिकाऱ्यांकडे जबानी द्यावी असं म्हटलं होतं. उशिरा केलेली तक्रार सिद्ध करणं अवघड, म्हणून ती सवय आजही चांगली. मुद्दाम किंवा बेफिकिरीने तोडली तर शिक्षा आहे, पण जीव किंवा बोट वाचवताना, सगळी काळजी घेऊनही तुटली तर नाही.

आपल्याकडची डोल जाळी तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असते आणि त्या जागा घराण्यांच्या पिढीजात ठरलेल्या. केबलचा मार्ग कागदावर आखणाऱ्याला त्या दिसत नाहीत. कंपन्यांनी सर्वेक्षणाच्या वेळीच कोळीवाड्यातल्या सोसायट्यांसोबत नकाशा घेऊन बसावं, जहाज दारात आल्यावर नव्हे.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे मोठ्या जहाजाने केबल तोडली तर खटला चालवणं कसं कठीण होतं, ते फिनलंडने अनुभवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ईगल एस या टँकरच्या नांगराने वीज आणि दूरसंचार केबल्स तुटल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने हे आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून खटला फेटाळला.

१७. या केबल्समधून हेरगिरी होते का?

झाली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेने ओखोत्स्क समुद्रात सोव्हिएत नौदलाच्या केबलवर ध्वनिमुद्रण यंत्रं बसवली होती. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून ब्रिटनचा टेम्पोरा प्रकल्प उघड झाला, तो मात्र किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबल्सवरचा. खोल पाण्यात हजारो व्होल्टच्या केबलशी खेळण्यापेक्षा कायद्याचा कागद घेऊन लँडिंग स्टेशनात जाणं सोपं. आज बहुतेक डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेला असतो, तरी कोण कोणाशी किती बोलतं एवढं कळणंही कमी नाही.

१८. अंदमान आणि लक्षद्वीपला केबल आहे का?

आहे. चेन्नई ते अंदमान ही सुमारे २,३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, खर्च १,२२४ कोटी. कोची ते लक्षद्वीप जानेवारी २०२४ मध्ये, ११ बेटांना जोडणारी. त्याआधी दोन्हीकडे उपग्रहावर भिस्त होती. या देशांतर्गत केबल्स आहेत, प्रश्न ६ मधल्या १७ मध्ये त्या मोजलेल्या नाहीत.

१९. केबल जुनी झाली की काय करतात? आणि जुनी केबल जास्त डेटा कशी वाहू लागते?

आयुष्य साधारण २५ वर्षांचं धरतात. बहुतेकदा केबल झिजून जात नाही, नव्या केबलपुढे तिला चालवणं परवडत नाही. मुंबई आणि कोचीला येणारी सी-मी-वी ३ ही ३९,००० किलोमीटरची केबल अशीच २०२४ च्या अखेरीला निवृत्त झाली. काही केबल्स तळावरच राहतात, काही उचलून तांबं, पोलाद आणि प्लास्टिक विकतात.

क्षमतेचं म्हणाल तर पाण्यातली काच तीच राहते, दोन टोकांची यंत्रं बदलतात. एकाच फायबरमध्ये प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी आणि प्रत्येकीवर अधिक दाट माहिती बसवता येते. म्हणून २००५ मध्ये १.२८ टेराबिटची असलेली सी-मी-वी ४ पुढे त्याच दोन फायबर जोड्यांवर कितीतरी जास्त वाहू लागली.

२०. केबलला इजा होऊनही ती चालू राहते, असं होतं का?

होतं. नांगराने वरचं आवरण फाटलं आणि तांबं पाण्याला लागलं, पण काच शाबूत राहिली, तर वीज त्या जागी समुद्रात उतरते. दोन्ही टोकांची स्टेशनं आपापले व्होल्ट असे जुळवतात की इजेच्या जागी विजेचा दाब शून्य येईल आणि दोन्ही बाजूंचे रिपीटर चालू राहतील. डेटाच्या वाहतुकीला कळतही नाही. कंपनी जहाजाची वाट बघत काही आठवडे अशीच ढकलते. दुरुस्तीच्या वेळी मात्र वीज बंद करावी लागते आणि तेव्हा ती केबल ठरवून बंद राहते. ‘तुटली तेव्हा काही झालं नाही, जोडताना नेट मंद झालं’ अशी तक्रार येते ती यामुळे.

२१. आज माझं नेट मंद आहे. समुद्रातली केबल तुटली असेल का?

बहुधा नाही. वायफाय, सोसायटीतली स्विचची पेटी, मेट्रोच्या नाहीतर गटाराच्या खोदकामात तुटलेली गल्लीतली फायबर, या क्रमाने संशय घ्या. तपासायचं असेल तर संगणकावर ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो आणि किती वेळ लागतो हे दाखवणारी आज्ञा) चालवा, एकदा भारतातल्या साइटकडे आणि एकदा युरोपातल्या. देशातल्या साइटलाही वेळ लागत असेल तर दोष इथलाच आहे, इंटरनेट कंपनीला फोन करा. देशातली झटपट आणि युरोपची ३०० मिलिसेकंदांवर, आणि वाटेत सिंगापूर किंवा लॉस एंजेलिसची नावं दिसू लागली, तर मात्र बातम्या बघायला हरकत नाही.